सुरक्षितता सगळ्यांची, किंमत एकाची

अंगात ताप नाही, खोकला नाही, रोजचं काम नीट चाललंय. अशा माणसाला एके दिवशी सरकारी अधिकारी येऊन सांगतात की, तुझ्या शरीरात दुसऱ्याचा जीव घेऊ शकतील असे जंतू आहेत, आजपासून तुझं काम बंद. त्या माणसाचं आपण काय देणं लागतो? निरोगी रोगवाहकांबद्दलची चर्चा या प्रश्नापर्यंत सहसा येतच नाही. एका बाजूला सार्वजनिक आरोग्य, दुसऱ्या बाजूला व्यक्तिस्वातंत्र्य, आणि मध्ये एकच वाद: डांबायचं की मोकळं सोडायचं. मला हा वाद चुकीच्या जागी सुरू होतो असं वाटतं. डांबण्याची वेळ येते ती बहुतेकदा त्याआधी त्या माणसाच्या पोटापाण्याचा विचार कुणीच केलेला नसतो म्हणून. सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्याला त्याचा व्यवसाय सोडायला लावायचा असेल, तर त्या सुरक्षिततेचा खर्च सगळ्यांनी उचलला पाहिजे. तो उचलायची तयारी नसलेल्या समाजाला सक्तीचा नैतिक अधिकार उरत नाही, आणि अनुभव सांगतो की त्याची सक्ती फारशी कामालाही येत नाही.

मेरी मॅलनची हकिगत अनेकांनी ओझरती ऐकलेली असते, पण तपशील गाळले की ती नुसती एका हट्टी बाईची गोष्ट होऊन बसते. मेरीचा जन्म १८६९ साली आयर्लंडमध्ये झाला. पोरवयात ती एकटी अमेरिकेत आली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांमध्ये स्वयंपाकीण म्हणून नावारूपाला आली. घरकाम करणाऱ्या बायकांमध्ये स्वयंपाकिणीचा मान मोठा आणि पगारही चांगला. १९०६ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवरच्या ऑयस्टर बे इथे एका बँकरच्या भाड्याच्या घरात अकरापैकी सहा जणांना टायफॉइड झाला. आधी पाण्यावर आणि शिंपल्यांवर संशय घेतला गेला. मग जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्यानं शोध घेतला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की साथ सुरू होण्याच्या काही आठवडे आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती. तिनं पूर्वी काम केलेली घरं त्यानं एकामागून एक शोधून काढली. आठांपैकी सात घरांमध्ये टायफॉइड होऊन गेला होता. एकूण २२ रुग्ण, त्यांतला एक मृत्यू.

सोपर तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला आणि त्यानं तिच्याकडे रक्ताचे, लघवीचे, शौचाचे नमुने मागितले. तिनं स्वयंपाकघरातला काटा उगारून त्याला पळवून लावलं. मार्च १९०७ मध्ये आरोग्य खात्याच्या डॉ. जोसेफिन बेकर पोलिसांना घेऊन आल्या, काही तास शोध चालला, मेरी लपलेली सापडली आणि तिला धरून रुग्णवाहिकेत घातलं गेलं. त्यानंतर तिची रवानगी ईस्ट नदीतल्या नॉर्थ ब्रदर बेटावर झाली. ना खटला, ना आरोप, ना शिक्षेची मुदत.

तिच्या बाजूनं हा प्रसंग पाहा. आपल्याला टायफॉइड झाल्याचं तिला कधी आठवत नव्हतं. निरोगी माणूस वर्षानुवर्षं टायफॉइडचे जंतू पसरवू शकतो, हे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत नुकतंच, म्हणजे त्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दाखवलं होतं. डॉक्टरांमध्येही ती कल्पना नवी होती; स्वयंपाकिणीला ती माहीत असण्याचं कारणच नव्हतं. जंतू सहसा पित्ताशयात ठाण मांडून असतात आणि शौचावाटे सतत नव्हे तर अधूनमधून बाहेर पडतात. सरकारी प्रयोगशाळेत तिच्या १६३ नमुन्यांपैकी १२० मध्ये जंतू सापडले, उरलेल्यांत सापडले नाहीत. तिनं स्वतः खाजगी प्रयोगशाळेत पाठवलेले नमुने निर्दोष निघाले. मग तिनं कुणावर विश्वास ठेवायचा? अधिकाऱ्यांनी पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला दिला. त्या काळात ती शस्त्रक्रिया जिवावर बेतणारी होती आणि त्यानं जंतू जातीलच अशी खात्री कुणी देत नव्हतं. तिनं नकार दिला. मला त्या नकारात हट्ट दिसत नाही. धडधाकट बाईनं परक्या माणसांच्या सांगण्यावरून स्वतःचं पोट फाडून घ्यावं, ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती.

१९०९ मध्ये तिनं सुटकेसाठी न्यायालयात अर्ज केला. तिच्या वकिलाचा मुद्दा सरळ होता. शहराच्या सनदेनुसार आरोग्य खात्याला संसर्गजन्य रोगानं आजारी असलेल्या माणसाला हलवण्याचा अधिकार होता, आणि मेरी आजारी नव्हती. न्यायालयानं अर्ज फेटाळला. त्याच सुमारास वृत्तपत्रांनी तिचं खरं नाव छापलं आणि 'टायफॉइड मेरी' हे बिरुद तिला कायमचं चिकटलं. एका वाहकाची ओळख अशी चव्हाट्यावर आली की पुढच्या प्रत्येक वाहकाला एक धडा मिळतो: तपासणीच्या वाटेला जाऊ नका.

आता या सगळ्यातली मूळ गोष्ट. टायफॉइड श्वासातून पसरत नाही, स्पर्शानं पसरत नाही. वाहकाच्या शौचातला जंतू हाताला लागतो, हातावरून न शिजवलेल्या किंवा गार खाल्ल्या जाणाऱ्या अन्नात जातो आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात. मेरीपासून धोका होता तो तिनं इतरांसाठी केलेल्या स्वयंपाकाचा. ती शिवणकाम करत असती, दुकानात हिशेब लिहीत असती, तर तिच्या शेजारी कुणीही निर्धास्त बसू शकलं असतं. म्हणजे समाजानं तिच्याकडून नेमकी एकच गोष्ट मागायला हवी होती, स्वयंपाक सोडण्याची. त्याऐवजी तिचं घर, माणसं, शहर, सगळंच काढून घेतलं गेलं. ज्या वाटेनं रोग पसरतो तेवढी वाट बंद करायची आणि बाकीचं आयुष्य मोकळं ठेवायचं, हे तत्त्व सांगायला सोपं आहे. पण इतिहासात ते पाळलेलं क्वचितच दिसतं, कारण वाट बंद करायला विचार लागतो, पैसा लागतो, आणि माणसाला बंद करायला फक्त कुलूप पुरतं.

फेब्रुवारी १९१० मध्ये नवे आरोग्य आयुक्त अर्न्स्ट लेडर्ली यांनी तिला सोडलं. अट होती की ती पुन्हा स्वयंपाकाचं काम करणार नाही. तिनं लेखी कबुली दिली आणि तिला कपडे धुण्याचं काम मिळालं. त्या कामात कष्ट जास्त, पगार बराच कमी, प्रतिष्ठा तर नाहीच. ज्या कौशल्यावर तिनं आयुष्य उभं केलं होतं ते वापरायला सुटकेच्या अटीनं मनाई होती आणि दुसरं कौशल्य शिकवायची जबाबदारी कुणीच घेतली नव्हती. काही काळानं तिनं खात्याशी संपर्क तोडला, नाव बदललं आणि पुन्हा चुलीपाशी उभी राहिली.

१९१५ साली मॅनहॅटनमधल्या स्लोन प्रसूती रुग्णालयात टायफॉइडची साथ आली. २५ जण आजारी पडले, दोघे मरण पावले. स्वयंपाकघरात 'मेरी ब्राउन' नावाची बाई होती.

हे मला झाकायचं नाही. नवजात बाळं आणि बाळंतिणी असलेल्या इमारतीत तिनं स्वयंपाक केला, आणि तोही ताकीद मिळाल्यानंतर, खोटं नाव घेऊन. ज्या दोघांचा जीव गेला त्यांचेही हक्क होते आणि ते मेरीच्या रोजगाराच्या हक्कापेक्षा वरचे होते. रोगवाहकाच्या स्वातंत्र्याबद्दल लिहिणाऱ्यांनी या दोन मृत्यूंसमोर थबकलंच पाहिजे. जे थबकत नाहीत, त्यांचं स्वातंत्र्यप्रेम दुसऱ्याच्या जिवावर उभं असतं. पण थबकल्यावर पुढचा प्रश्न विचारायलाही हवा: १९१० ते १९१५ या काळात कुठली गोष्ट केली असती तर हे दोघे जगले असते? पाळत वाढवली असती तर, हे एक उत्तर झालं. मात्र लाखो माणसांच्या शहरात खोट्या नावानं वावरणाऱ्या बाईवर पाळत ठेवणं त्या काळी जवळपास अशक्य होतं. दुसरं उत्तर असं, की स्वयंपाकिणीच्या पगाराइतकं उत्पन्न देणारं दुसरं काम तिच्या हाती दिलं असतं तर.

ते शक्य होतं का? मला वाटतं होतं, आणि त्याचा पुरावा खुद्द त्या बेटावरच आहे. १९१५ नंतर मेरी मरेपर्यंत तिथेच राहिली. पुढे तिला तिथल्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाचं काम देण्यात आलं आणि ते तिनं अनेक वर्षं केलं. एवढंच नव्हे, तर तिला दिवसापुरतं शहरात जाऊन यायची परवानगीही मिळू लागली. ती गेली आणि परत आली. म्हणजे ती शिकू शकत होती, शिस्तीनं काम करू शकत होती, लोकांमध्ये मिसळली तरी कुणाला बाधा होत नव्हती, आणि हे सगळं अधिकाऱ्यांना ठाऊक होतं. जे काम तिला कैदेत मिळालं ते १९१० मध्ये, मोकळी असताना मिळालं असतं, तर स्लोनची साथ बहुधा घडलीच नसती. १९३२ मध्ये तिला पक्षाघात झाला आणि ११ नोव्हेंबर १९३८ रोजी ती वारली. दोन्ही वेळची मिळून जवळपास २६ वर्षं तिनं त्या बेटावर काढली.

त्याच शहरात त्याच काळात शेकडो निरोगी टायफॉइडवाहक सापडले होते, त्यांची नोंदही होती. टोनी लाबेला या वाहकामुळे १२२ जण आजारी पडले आणि पाच मेले, म्हणजे रुग्णांची संख्या मेरीच्या नावावर असलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. त्याला दोन आठवडे वेगळं ठेवलं गेलं. अल्फॉन्स कोटिल्स याचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय होता. त्याला मनाई असताना तो १९२४ मध्ये अन्न हाताळताना पकडला गेला, तेव्हा त्याची शिक्षा स्थगित झाली आणि यापुढे दुकानाचा कारभार टेलिफोनवरून पाहीन, या आश्वासनावर तो घरी गेला. दोघेही पुरुष, आणि कोटिल्स तर व्यवसायाचा मालक. मेरी परदेशातून आलेली, अविवाहित, मोलानं राबणारी आणि उलट बोलणारी. जंतू सगळ्यांमध्ये एकच होता. शिकागोत जेनी बारमोर या खानावळवजा निवास चालवणाऱ्या बाईला तिच्याच घरात स्थानबद्ध केलं गेलं. तिच्या बाजूनं क्लॅरेन्स डॅरोसारखा नामांकित वकील उभा राहूनही १९२२ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं आरोग्य खात्याचाच अधिकार मान्य केला. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या लाँग ग्रोव्ह मनोरुग्णालयात टायफॉइडवाहक स्त्रियांसाठी वेगळा कक्ष होता. १९०७ पासून १९९२ मध्ये रुग्णालय बंद होईपर्यंतच्या काळातल्या किमान ४३ स्त्रियांच्या नोंदी सापडल्या आहेत. जंतू घालवू शकणारी प्रतिजैविकं येऊन कित्येक वर्षं झाली तरी त्यांतल्या काही जणी तिथेच होत्या. रोगाचं भय संपलं तरी एकदा लावलेलं कुलूप काढायचं कुणाला सुचत नाही. जपानमध्ये कुष्ठरोग्यांना सक्तीनं वेगळं ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत होता, आणि कुष्ठरोग बरा करणारं औषध तर त्याच्या जवळपास अर्धं शतक आधी आलं होतं.

सक्ती कुणाच्या वाट्याला येते, याला मी म्हणूनच दुय्यम मुद्दा मानत नाही. १९०० साली सान फ्रान्सिस्कोत प्लेगच्या भीतीनं चिनी वस्तीला वेढा घातला गेला. त्याच वस्तीतली गोऱ्यांची घरं वेढ्याबाहेर ठेवण्यात आली होती. संघीय न्यायालयानं तो वेढा रद्द केला. जंतू वंश पाहत नाही आणि आदेश मात्र वंश पाहून काढलेला, हे न्यायाधीशांना दिसलं. सक्तीच्या कुठल्याही आदेशाला हीच कसोटी लावून पाहावी. ज्याच्याकडे वकील आहे, पैसा आहे, ओळख आहे, त्यालाही हाच आदेश निघाला असता का? नसता, तर त्या आदेशामागे आरोग्यापेक्षा दुसरंच काही काम करतंय.

गोव्यात १९८९ मध्ये घडलेलं प्रकरण मला या सगळ्यांत सर्वांत जास्त बोचतं. डॉमिनिक डिसोझा हा तरुण स्वेच्छेनं रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. १४ फेब्रुवारीला त्याला पोलिसांनी बोलावून नेलं आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकट्याला ठेवलं. त्याला कसलाही त्रास नव्हता. एचआयव्ही हवेतून, स्पर्शातून पसरत नाही हे तोवर चांगलं माहीत झालं होतं. ६४ दिवसांनी तो न्यायालयाच्या आदेशानं बाहेर आला. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मुख्य याचिकेवर निकाल देताना एकटं डांबण्याची ती तरतूद वैधच ठरवली. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला, पण त्याआधी त्यानं एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संस्था उभी केली. त्याचा संसर्ग उघडकीला आला तो तो रक्त द्यायला गेला म्हणून. दुसऱ्याचा जीव वाचवायला हात पुढे करणाऱ्या माणसाला कोठडी मिळते, हे पाहिलेला कुठला माणूस उद्या आपणहून तपासणीला जाईल? सार्वजनिक आरोग्याचा सगळा डोलारा लोक आपणहून पुढे येण्यावर उभा आहे आणि भीती तोच पाया पोखरते. सुदैवानं याच उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये, काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या एचआयव्हीबाधित कामगाराला नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. २०१७ च्या केंद्रीय कायद्यानं तपासणीसाठी संमती, गोपनीयता आणि भेदभावाला मनाई या गोष्टी लिखित स्वरूपात आणल्या. आठ वर्षांत न्यायालय आणि अठ्ठावीस वर्षांत कायदा बदलू शकतो. तेवढा काळ डॉमिनिकला मिळाला नाही.

रोगवाहक म्हणजे कुणी विरळा, वेगळा, भयंकर माणूस, अशी जी समजूत आहे ती मुळातच चूक आहे. निरोगी माणसांपैकी सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू असतो आणि तो रुग्णालयातल्या जखमेत गेला तर जीव घेऊ शकतो. मेंदूच्या आवरणाचा घातक दाह करणारा मेनिंगोकोकस साधारण दहापैकी एकाच्या घशात निमूट बसलेला असतो. पोलिओचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य मुलांमध्ये कसलंही लक्षण दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटींहून जास्त माणसं दीर्घकालीन हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूसंसर्ग घेऊन जगत होती आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकही नव्हतं. टायफॉइड झालेल्यांपैकीही काही टक्के लोक कायमचे वाहक होतात. हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण आत्ता या क्षणी कशाचे ना कशाचे वाहक आहेत. वाहक असणं हाच धोका मानला, तर मोकळं सोडावं असं कुणी उरणार नाही.

एका ब्रिटिश माणसाचं उदाहरण शास्त्रीय नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषामुळे, लहानपणी दिलेल्या तोंडी पोलिओ लसीतला विषाणू त्याच्या आतड्यातून तब्बल २८ वर्षं बाहेर पडत राहिला, आणि त्याचं रूप बदलून तो पुन्हा पक्षाघात घडवू शकेल असा झाला होता. त्या माणसाला कुणी बेटावर नेलं नाही. आजूबाजूच्या लोकांना लस दिलेली होती आणि सांडपाण्याची व्यवस्था चांगली होती, म्हणून त्याच्यापासून साथ पसरली नाही. न्यूयॉर्कमध्येही टायफॉइड हटला तो मेरीला डांबल्यामुळे नव्हे. शहरात दर वर्षी हजारोंना टायफॉइड होत होता आणि त्यात तिचा वाटा नगण्य होता. मेरी बेटावर असतानाच, १९०८ मध्ये, शेजारच्या जर्सी सिटीत पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली. पाणी गाळणं, त्यात क्लोरीन टाकणं, दूध पाश्चराइज करणं, मैल्याची विल्हेवाट या गोष्टींनी जे साधलं ते कुठल्याही कैदेनं साधलं नसतं. पण नळातून येणाऱ्या सुरक्षित पाण्याची बातमी होत नाही आणि पकडलेल्या बाईची होते. म्हणून सरकारांना पकडण्याचा मोह होतो.

मग स्वयंपाकघरात जंतू नेणाऱ्या वाहकाचं काय करायचं? जर्मनीच्या संसर्ग प्रतिबंध कायद्यानं यावर दिलेलं उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. टायफॉइडचा जंतू ज्या गटातला आहे त्या साल्मोनेलासारखे जंतू बाहेर टाकणाऱ्या माणसाला तो कायदा अन्न हाताळण्याच्या कामाला मनाई करतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय की, स्वतः आजारी नसलेल्या वाहकाचं काम असं बंद केलं तर त्याची बुडालेली कमाई सरकार भरून देईल. पहिले सहा आठवडे पूर्ण, पुढे कमी दरानं. पश्चिम जर्मनीच्या १९६१ च्या साथरोग कायद्यातही अशी तरतूद होती. इथे कुणावर दया केलेली नाही. एखाद्याच्या शेतातून रस्ता न्यायचा असेल तर सरकार त्याला मोबदला देतं, आणि त्यात कुणाला उपकार वाटत नाहीत. माणसाचा व्यवसाय ही त्याच्यासाठी जमिनीहून कमी मालमत्ता नाही.

खर्च कोण करणार, असं विचारलं जाईल. मला उलट विचारावंसं वाटतं: आज तो कोण करतंय? खर्च तर होतोच आहे, फक्त तो एका माणसाच्या अंगावर टाकलेला आहे, आणि त्याला तो पेलत नाही तेव्हा तो नाव बदलून रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिरतो. मग खर्चाची वाटणी आजारी पडणाऱ्यांमध्ये होते. दुसरा आक्षेप फसवणुकीचा. भरपाईच्या आशेनं कुणी खोटा वाहक होईल, ही भीती मला पटत नाही. जंतू प्रयोगशाळेत दिसावे लागतात; तक्रार सांगून ते सिद्ध होत नाहीत. शिवाय भरपाई कायमची असण्याचीही गरज नाही. टायफॉइडच्या बहुतेक वाहकांना आज काही आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी मुक्त करता येतं. काहींना पित्ताशयात खडे असतात, त्यांना शस्त्रक्रियेचा पर्याय आहे, आणि ती १९०७ सारखी जिवावर बेतणारी राहिलेली नाही. उपचार मोफत, उपचाराच्या काळात पगार चालू आणि त्यानंतर पुन्हा त्याच कामावर, एवढं मिळणार असेल तर लपून कोण राहील?

वैद्यकीय क्षेत्रानं आपल्याच लोकांसाठी ही वाट कधीच शोधलेली आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या शल्यविशारदाला अनेक देशांत आता सरसकट घरी बसवत नाहीत. रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण ठराविक पातळीच्या खाली आहे ना, हे नियमितपणे तपासतात, औषधं देतात, आणि ज्या शस्त्रक्रियांमध्ये डॉक्टरचं रक्त रुग्णाच्या शरीरात जाण्याचा संभव असतो तेवढ्यांपुरतीच अट घालतात. एचआयव्हीबद्दल तर युरोपातल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिलं की, औषधांनी विषाणू मोजता न येण्याइतका दबला असेल तर लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. म्हणजे योग्य उपचार मिळालेला वाहक हा व्यवहारात वाहक राहतच नाही. डॉक्टरला जी सूट शास्त्राच्या आधारानं मिळते, ती स्वयंपाक्याला, दूधवाल्याला, दाईला का मिळू नये? शास्त्र दोघांसाठी एकच आहे.

कोविडसारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगाचा हिशेब वेगळा आहे. तिथे लक्षणं नसलेला माणूस श्वासातून संसर्ग पसरवतो, म्हणून त्याला काही दिवस घरात बसवणं रास्तच आहे. काळ थोडा असतो आणि कारण स्पष्ट असतं. पण तिथेही रोजंदारीवर जगणाऱ्याला घरात थांब म्हणायचं आणि त्या दिवसांची मजुरी द्यायची नाही, म्हणजे त्याला नियम मोडायला भागच पाडायचं. पगारी रजा असलेल्याला नियम पाळणं सोपं जातं आणि मग तो पाळल्याचं श्रेयही त्याच्याच सद्‌गुणांना दिलं जातं.

शेवटी उरतो तो माणूस ज्याला सगळं दिलं, समजावलं, उपचार दिला, पर्यायी काम दिलं, आणि तरीही तो जाणूनबुजून दुसऱ्याला धोक्यात घालतो. असा माणूस असू शकतो हे मी नाकारत नाही, आणि त्याला रोखण्याचा अधिकार समाजाला आहे हेही नाकारत नाही. तो अधिकार कसा वापरावा, याबद्दल युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं एन्हॉर्न विरुद्ध स्वीडन या खटल्यात २००५ मध्ये दिशा दाखवली. एचआयव्हीबाधित असलेल्या त्या माणसाच्या सक्तीच्या विलगीकरणाचे आदेश जवळपास सात वर्षं वाढवले जात होते आणि त्यांतलं सुमारे दीड वर्ष तो प्रत्यक्षात डांबलेला होता. न्यायालयानं म्हटलं की, विलगीकरण हा अखेरचा उपाय असला पाहिजे; त्याआधी कमी कठोर उपाय करून पाहिले होते आणि ते अपुरे पडले, हे सरकारनं दाखवायला हवं होतं. सरकारला ते दाखवता आलं नाही. या निकालात मला आणखी एक अट जोडावीशी वाटते. कमी कठोर उपाय अपुरे पडले असं सरकार म्हणतं, तेव्हा त्यानं कागदावर एवढंही दाखवावं की या माणसाची बुडालेली कमाई आम्ही इतकी दिली, हे पर्यायी काम देऊ केलं, इतके महिने उपचार केले. त्या रकान्यात शून्य असेल, तर न्यायाधीशानं डांबण्याच्या आदेशावर सही करू नये.